कुलपाचा कप्पा

आमच्या घरात कुलूप लागणारा कप्पा एकच आहे आणि तो माझ्या ऑफिसच्या टेबलाला आहे. ऑफिस म्हणजे फार काही समजू नका. वसमतच्या आमच्या घरातली ही बाहेरच्या अंगाची खोली. पूर्वी इथं हळदीची पोती ठेवायचे. पोती गेली, वास राहिला. उन्हाळ्यात भिंत तापली की अजून तो सुटतो, आणि मी पुण्याच्या साहेबाशी फोनवर अगदी गंभीर आवाजात बोलत असते तेव्हाच मला शिंकांवर शिंका येतात.

काम पुण्याच्या एका कंपनीचं. आजारी माणसांचे विम्याचे दावे येतात, त्यांचे रिपोर्ट आणि दवाखान्याची बिलं घरी बसून कॉम्प्युटरवर तपासायची. टेबल मात्र जोरदार आहे. एका बंद पडलेल्या पतसंस्थेचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून नवऱ्यानं ते उचलून आणलं. अस्सल सागवानी, उजव्या हाताला तीन कप्पे, सगळ्यात खालचा खोल आणि कुलपाचा. टेम्पोतून उतरवताना चार माणसांचा घाम निघाला. मला वाटलं, चला, लग्नानंतर पहिल्यांदा आपली अशी एक जागा झाली.

कसली आपली! टेबल घरात आलं आणि प्रत्येकाला काहीतरी जपून ठेवायचं आठवलं. नवरा जवळा बाजार गावच्या शाळेत मास्तर. त्याचे खडू, लाल पेनं, शिट्टी, शाळेच्या कुठल्याशा कपाटाची किल्ली हे सगळं वरच्या कप्प्यात. पोरगी दुसरीत. तिच्या बोटभर उरलेल्या पेन्सिली, चिकटपट्ट्या, मोरपीस, एका सँडलचं तुटलेलं बक्कल मधल्या कप्प्यात. आणि कुलपाच्या कप्प्याची किल्ली आत्याबाईंच्या चंचीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. किल्ली मीच त्यांना दिली होती म्हणा. तेव्हा माझ्याकडं कुलपात ठेवण्यासारखं होतं काय?

गणपती उठले आणि कंपनीचा मेल आला. सगळ्यांनी पुण्याला ऑफिसात हजर व्हायचं. ज्यांना घरूनच काम करायचं असेल त्यांनी आपली जागा तपासून घ्यायची. कंपनीची एक मॅडम व्हिडिओवर बघणार. दार लागणारी खोली पाहिजे, टेबलावर आणि कप्प्यांत कामाशिवाय दुसरी वस्तू नको, एक कप्पा कुलपाचा पाहिजे आणि त्याची किल्ली फक्त काम करणाऱ्याकडं पाहिजे. नापास झालात तर बॅग भरा. नियम काही चुकीचा नव्हता. लोकांच्या आजारपणाचे कागद ते, कुणाच्याही हाती पडू नयेत. हे पटत होतं म्हणून तर जास्त चडफडाट होत होता. चुकीचा असता तर भांडले तरी असते.

पुण्याला मी एकदा राहून आले आहे. नोकरी लागली तेव्हा पोरगी नुकती चालायला लागली होती, आणि ट्रेनिंगसाठी मला काही महिने एकटीला जावं लागलं. रोज संध्याकाळी फोन करायचे. लेकरू फोनमध्ये माझ्याकडं बघायचं आणि मग फोनचा कोपरा चावायचं. मी आत्याबाईंना विचारायचे, झोपते का, रडते का? त्यांचं उत्तर ठरलेलं. "झोपते की बराबर. काई तकलीफ न्हाई. तू तुझं काम कर."

मी फोन ठेवून हॉस्टेलच्या जिन्यात बसून राहायचे. लेकराला त्रास नाही म्हणून खरं तर बरं वाटायला हवं. मला मेलं वाईट वाटायचं. एवढीशी पोर, आई जवळ नाही आणि बराबर झोपते? मग मी आहे कशाला? आणि ट्रेनिंग संपवून घरी आले, हात पुढं केले, तर पोरगी लाजून आत्याबाईंच्या पातळामागं दडली. पाव्हणी आल्यावर लेकरं दडतात तशी. दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. ते दोन दिवस मी अजून विसरलेले नाही, आणि परत ते मला नको होते. नवऱ्याची बदली होणार नाही, आत्याबाईंचे गुडघे त्यांना कुठं जाऊ देणार नाहीत, पोरीची शाळा इथली. जायचं झालं तर मी एकटीच जाणार होते.

तर टेबल रिकामं करायचं ठरलं. तेही ऐन नवरात्राच्या तोंडावर. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधी न् चिंधी धुवून निघते. गोधड्या, वाकळा, पडदे, सतरंज्या, सगळं. घट उठेपर्यंत मग जुनंपानं काही धुवायला काढायचं नाही, ही आत्याबाईंची शिस्त. त्यामुळं अंगणात दोऱ्यांवर गोधड्या, आणि खोलीत जमिनीवर वाकळ अंथरून त्यावर माझे कप्पे पालथे. मी तीन ढीग ठरवले. कामाचं, घरचं आणि टाकायचं.

टाकायचा ढीग काही वाढेना. मी टाकलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी उचलून घरच्या ढिगात सरकवत होतं. मेलेले सेल नवऱ्यानं उचलले, "उन्हात ठेवले की थोडे चालतात." घरात आता नसलेल्या फोनांचे चार्जर त्यानंच उचलले. न चालणारी पेनं पोरीनं उचलली. कारण काय, तर त्यातल्या स्प्रिंगा. वाळून कडक झालेले रबर आत्याबाईंनी उचलले, का ते मी विचारलंसुद्धा नाही. सेफ्टी पिना निघाल्या ओंजळभर. दरवर्षी झेंडावंदनाला पीन सापडत नाही म्हणून याच घरात आरडाओरडा होतो!

मधला कप्पा अर्ध्यावर अडायचा. मी वर्षभर तो हिसके देऊन उघडत होते आणि पतसंस्थेला शिव्या देत होते. बाहेर ओढून काढला तर मागच्या पट्टीत एक हळकुंड अडकलेलं. पोत्यांच्या काळातलं, कुठल्या भोकातून आलं कोण जाणे. ते काढलं, पट्ट्यांना मेणबत्ती घासली, आणि कप्पा असा सुळकन आत गेला की मी उगीचच चार वेळा उघडला आणि मिटला. आहाहा! नवऱ्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, "एवढ्यासाठी हाक मारली?" या माणसाला कौतुक करायला मुहूर्त लागतो.

मग मी मन लावून बसले. कप्प्यांच्या तळाला वर्तमानपत्राऐवजी पांढरा कार्डशीट घातला, वर्तमानपत्र अंथरलं की मी काम सोडून तेच वाचत बसते. नवऱ्याच्या शाळेतून खडूचे रिकामे खोके आणले, त्यांची तोंडं कापली आणि आत एकाला एक लावून बसवले. पेनं एकात, पिना एकात, चार्जर गुंडाळून एकात, कंपनीचं ओळखपत्र आणि हेडफोन मागच्या मोठ्या खोक्यात. जे रोज लागतं ते पुढं, जे महिन्यातून लागतं ते मागं. घरच्या सामानाला स्वयंपाकघरातल्या फळीवर एक मोठा बिस्किटाचा डबा दिला आणि जाहीर केलं, ज्याला जे जपायचं ते इथं जपा, माझ्या टेबलाला हात लावाल तर याद राखा. वरचे दोन्ही कप्पे इतके देखणे झाले की मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. माझी आई आली असती तिच्या गावाहून, डोंगरकड्याहून, तर तिला खरं वाटलं नसतं. माहेरी माझं दप्तर म्हणजे उकिरडा होता.

राहिला खालचा कप्पा.

"आत्याबाई, खालचं रिकामं करायचं हाय."

"व्हय, करू की."

त्यांचं 'करू की' मला चांगलं माहीत आहे. ते आज, उद्या आणि परवा असं पुढंपुढं जातं. घट बसले, माळा चढायला लागल्या, कप्पा तसाच. तपासणी नेमकी खंडेनवमीच्या दिवशी ठरली, पुण्यात त्या दिवशी सुट्टी नव्हती. अष्टमीला माझा पारा चढला. मी पोरीला शाळेतून घेऊन आले तर आत्याबाई कप्प्यापुढं पाटावर बसलेल्या, आणि मला बघून त्यांनी भराभरा एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सगळं गुंडाळलं, गाठ मारली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

"काय हाय त्यात?"

"काई न्हाई. माझं हाय."

"बघू तरी."

"काहून? म्हणलं ना माझं हाय म्हणून."

माझी जीभ सुटली. मी म्हणाले, दोडक्याच्या बिया आणि फुटक्या बांगड्या जपता कुलपात, आणि त्या भंगारापायी उद्या मला पुण्याला जावं लागलं तर? तर लेकराला कोण बघंल? आत्याबाई एरवी एकाला दोन सुनावणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी नुसता कप्पा लोटून कुलूप लावलं. किल्ली चंचीत न टाकता माझ्यापुढं धरली. "घे. तुझी किल्ली." गाठोडं काखेत धरून, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि आपल्या खाटेवर उशाशी ते ठेवून दिलं. मला वाटलं, रुसल्या. रुसू द्या. उद्याचं उद्या बघू, कप्पासुद्धा मी उघडून बघितला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, कुऱ्हाड, शिलाई मशीन, नवऱ्याची मोटारसायकल, ज्याच्या जिवावर घर चालतं त्या सगळ्याला हळदकुंकू. सकाळी आत्याबाईंचं ताट फिरत होतं. मी आदल्या संध्याकाळीच बजावून ठेवलं होतं, माझ्या टेबलावर फुलाची पाकळी दिसता कामा नये. त्यांनी मान डोलवली होती. नवरा झेंडू लावलेल्या गाडीवरून शाळेत गेला, पोरगी गेली. मी आंघोळ करून, केस बांधून, मॅडमसमोर शोभेल असा ड्रेस घालून टेबलापाशी बसले. वर काही नाही, फक्त कॉम्प्युटर. वेळ झाली, मॅडमचा चेहरा समोर आला. चष्मा, बारीक आवाज, हसणं नाही.

"कॅमेरा चालू करा."

"चालूच आहे मॅडम."

"मला काही दिसत नाही. आवाज येतोय. चित्र सगळं पिवळंलाल आहे."

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचा चौकोन बघितला. खरंच, मी नव्हतेच. नुसता एक केशरी ढग. कॉम्प्युटर बंद पडला का, नेट गेलं का, काय करू, काय करू? आणि मग वर बघितलं. स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, हळदीचं ठसठशीत बोट आणि त्यावर कुंकू. कॅमेऱ्याच्या ऐन डोळ्यात!

"आत्याबाई!" मी माईक दाबून ओरडले. "कॅमेऱ्यावर काहून लावलं?"

त्या दाराबाहेरच उभ्या होत्या. "कॅमेरा कुठं हाय त्यात? म्या कपाळाला लावलं. फुलं ठिवली का? तूच म्हणलीस फुल न्हाई पाहिजे."

कपाळाला! आता याला काय म्हणणार? गाडीला दिव्यावर लावायचं, मशीनला माथ्यावर लावायचं, तर कॉम्प्युटरचं कपाळ त्यांच्या हिशेबानं तेच. मी ओढणीनं पुसलं. आमच्या शेतातली घरची हळद ती, पुसली की आणखी पसरते. केशरी होतं ते आता नुसतं पिवळंधमक झालं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तयार नसाल तर राहू द्या, तसं लिहिते." तसं लिहिते म्हणजे नापास. गेलं सगळं. मला पोरगी पातळामागं दडलेली दिसायला लागली.

"एक मिनिट मॅडम, फक्त एक मिनिट."

तेवढ्यात आत्याबाई लगबगीनं आत आल्या. हातात वाती वळायचा कापूस आणि खोबरेल तेलाची बाटली. "पाण्यानं जात न्हाई त्ये, तेल लाव." कापसाचं टोक तेलात बुडवून त्यांनी हलक्या हातानं तो डोळा पुसला, मग कोरड्या कापसानं. पोरीच्या डोळ्यातलं काजळ काढायच्या तशाच. आणि ढग विरला. चौकोनात मी दिसले, आणि माझ्या शेजारी आत्याबाईंचं कपाळ, त्यावरही तेवढंच मोठं कुंकू.

मॅडमनी चष्मा वर सारला. "काय झालं होतं?"

खोटं सुचलं नाही. म्हणाले, "खंडेनवमी आहे मॅडम. पूजा झाली."

"बरं," त्या म्हणाल्या. आवाजात काही फरक नाही. "कप्पे दाखवा."

वरचा दाखवला. मधला दाखवला, तो सुळकन उघडला, आणि खडूच्या खोक्यांकडं बघून त्यांनी विचारलं की हे विकत कुठं मिळतं. मी म्हणाले, शाळेत. मग कुलपाचा. किल्ली लावली, कप्पा ओढला. आत रिकामं नव्हतं. मधोमध एक हळकुंड, शेजारी सुपारी आणि चिमूटभर तांदूळ.

"हे काय आहे?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या कॅमेऱ्यात न बघता, कप्प्याकडंच बघत बोलल्या, "रिकामं ठिवू न्हाई म्हणून काल किल्ली द्यायच्या आधी म्या ठिवलं, बाई. सुनेचं काम हाय त्यात. तिची चुकी न्हाई. काढायचं तर काढते." आणि खरंच वाकून काढायला लागल्या.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कागद नाही ना? पेन ड्राइव्ह, मोबाइल, काही?"

"न्हाई, न्हाई. ह्या टेबलातलंच हळकुंड हाय, मधल्या कप्प्यात अडकल्यालं."

"मग राहू द्या. मी कप्पा रिकामा लिहिते. कुलूप लावून दाखवा."

मी कुलूप लावलं. किल्ली कॅमेऱ्यापुढं धरली. दुपारी मेल आला. मंजूर. मी तो वाचला, परत वाचला, उभी राहून वाचला. मग टेबलावर डोकं टेकून रडले. अगदी हमसून. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! छातीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतलं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं?" त्यानं काहीच म्हटलं नव्हतं, पण आज सगळं माफ.

तोंड धुवून मागच्या अंगणात आले. आत्याबाई न्हाणीच्या दगडाजवळ बसल्या होत्या, पुढं रिकामी बादली. गाठोडं मांडीवर.

"काय म्हणली ती बाई?"

"झालं. मंजूर झालं."

"म्हंजी आता पुण्याला जायचं न्हाई?"

"न्हाई."

"पक्कं?"

"पक्कं, आत्याबाई. लिहून आलंय."

त्यांनी गाठ सोडली. वर बियांच्या पुरचुंड्या होत्या, आत्याबाईंच्या वडलांचं बंद घड्याळ होतं, पोरीच्या जावळाची पुडी होती. त्याच्या खाली घडी घातलेलं काहीतरी हिरवं. ते त्यांनी काढलं आणि बादलीत टाकलं. मी बघतच राहिले. माझी ओढणी. हिरव्यावर पांढरे ठिपके, ट्रेनिंगला जायच्या दिवशी मी तिला घरभर शोधली होती आणि शेवटी दुसरी घेऊन गेले होते.

"ही तुमच्याजवळ?"

"लेकरू झोपत न्हवतं," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर सारखं दाराकडं बघून रडायचं. मांडीवर घेतलं तरी न्हाई, दूध दिलं तरी न्हाई. मंग ही उशाशी दिली. तुझा वास यायचा हिला. तोंडावर घेऊन झोपायचं मंग."

"पण तुम्ही तर फोनवर म्हणायच्या, बराबर झोपते!"

"मंग काय म्हणू? रडते म्हणलं असतं तर तू तिथं राहिली असतीस व्हय?"

जिन्यात बसून मी जे मनाला लावून घेतलं होतं, ते सगळं एका वाक्यात गेलं. पोरगी रडत होती. माझ्यासाठी रडत होती. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच दगडावर बसले.

"पण मी आले तेव्हाच का नाही धुतली? नवरात्राचं एवढं धुणं निघतं दरसाल."

"धुतली असती तर वास गेला असता की. परत जायचं म्हणली असतीस तर म्या लेकराला काय दिलं असतं? म्हणून कुलपात ठिवली होती. तुला काय सांगायचं, तुझ्या डोक्याला आणखी ताप."

मी ओढणी नाकाशी नेली. मला तर नुसता हळदीचा वास आला. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, बादलीत दाबली आणि नळ सोडला. घट अजून उठले नव्हते. जुनं काही धुवायला काढायचं नाही, ही शिस्त त्यांचीच. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, देवीला सांगते मी, तिला कळतं.

मी साबणाची पावडर घेतली, चमचाभर टाकली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आणखी टाक," त्या म्हणाल्या. "चांगली मूठभर टाक. जाऊ दे आता वास."